वळणावरचा सेट

४ फेब्रुवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. कारण काही उदात्त नाही. परवा मोठ्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं, निरोप अडकला की सेट थोडा वेळ थांबतो, ती थांबण्याची मुदत तुम्ही कशावरून ठरवलीत? मला आठवेना. ठरवली मीच होती. बॅटरीबाई शेजारी बसून टेबलाकडे बघत राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "लिहून ठेवत जा रे. पुढच्या वेळी निदान थाप तरी नीट मारता येईल." ती आमच्याकडे बॅटरीचं सगळं बघते म्हणून बॅटरीबाई. तिला हे नाव आवडत नाही, म्हणूनच ते टिकलं.

तर काम असं आहे. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटवर आमचा एक सेट. खाली टॉवर चालत नाही, आणि तार ओढली तर पुढच्या सुरुंगात तिचे तुकडे होतात. म्हणून एकाचा सेट दुसऱ्याच्या सेटला निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप खाणीच्या तोंडापर्यंत येतो. माणसं चालत असतात, त्यामुळे वाट सारखी मोडते आणि नवी शोधावी लागते. कोणत्या क्षणी निरोप कोणाकडून कोणाकडे जाईल, हे ठरवणारा नियम लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम.

माझ्या पडद्यावर ठिपक्यांची एक खाण आहे. ठिपके मनाला येईल तिकडे जातात, थांबतात, पुन्हा निघतात. तिथे जवळजवळ सगळे निरोप पोचतात. खऱ्या खाणीत निम्मेसुद्धा पोचत नाहीत.

९ फेब्रुवारी

दादा त्याच खाणीत मुकादम आहे आणि चाचणी त्याच्याच टोळीवर चालली आहे. हा माझा वशिला नव्हे, त्याचा आहे. त्यानेच पुढे होऊन सांगितलं, आमच्या टोळीला द्या. मला कळलं ते नंतर.

तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर, मी खाली एकटा, जेवण वर. आज जेवायच्या आधी तो खाली आला आणि माझे ठिपके बघत उभा राहिला.

"ही माणसं काय शोधतायत?"

"काही नाही. कशीही फिरतात."

"पगार कोण देतं त्यांना?"

मी त्याला सांगितलं की जगभर ही चाचणी अशाच ठिपक्यांवर घेतात. खरी माणसं जथ्याने जातात, जथ्याने येतात हे मलाही कळतं. पण जथ्याचं गणित मांडायला वर्ष जाईल आणि साहेबांनी तीन महिने दिले आहेत. तो म्हणाला, "बरं बाबा शहाण्या, जेवायला चल." लहानपणापासून तो मला शहाण्या म्हणतो. कौतुकाने की चिडवायला, हे मी अजून विचारलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

निर्णय: सेटवरचा हिरवा दिवा काढला.

हेल्मेटच्या कडेला हा बारीकसा दिवा होता. दुसऱ्या कोणाचा निरोप आपल्या सेटमधून पुढे जात असला की तो लागायचा. खाणीतली माणसं त्याच्यावर खूश होती, एकमेकांना दाखवायची. पण तो वीज खातो. खुद्द बॅटरीबाईच म्हणाली, "राहू दे रे, इवलासा तर आहे." मी ऐकलं नाही. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर तोंडात मारल्यासारखं व्हायला नको: वाट कोणती हे सेट ठरवतो. ज्याच्या डोक्यावर सेट आहे त्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. टपाल वाहणाऱ्या गाडीला पत्रं कोणाची आहेत हे कळायची गरज नसते.

२० फेब्रुवारी

दादा: "तो दिवा का काढलास? बरा होता."

मी: "काय उपयोग होता त्याचा?"

दादा: "कळायचं."

"काय कळायचं?"

"की आपल्यातून कोणाचं तरी चाललंय." एवढं बोलून तो पाणी प्यायला. वहिनी म्हणाल्या, "घरात कोणाचं काय चाललंय ते बघा आधी, दोघंही."

२७ फेब्रुवारी

दुसरी चाचणी आपटली. मुख्य बोगदा जिथे डावीकडे वळतो तिथे सगळं तुटतं. वळणाच्या पलीकडे टोकाला ड्रिलवाला आणि त्याचे दोन जोडीदार काम करतात. वळणापाशी कोणी असलं तर त्यांचं म्हणणं बाहेर येतं. तिथून माणूस हलला की टोकाचे तिघे मुके आणि बहिरे. साहेब म्हणाले, तिसरीही अशीच गेली तर खाणवाले सेट परत पाठवतील.

रात्री जेवताना दादाने विचारलं, "नेमकं कुठं तुटतं?" मी ताटाभोवती वाट्या मांडल्या, चमचे आडवे ठेवले आणि मिठाची बरणी वळणावर ठेवली. "ही आहे तोवर सगळं पोचतं," मी म्हटलं आणि बरणी उचलली. "आता नाही."

दादाने बरणी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवली. बराच वेळ तिच्याकडे बघत होता. दोन वर्षांपूर्वी खाणीत छत बसलं, तेव्हा टोकाच्या माणसांना 'या बाजूने येऊ नका' एवढंच सांगायचं होतं. सांगता आलं नाही आणि ते त्याच बाजूने आले. त्यांना बाहेर आणणाऱ्यांत दादा होता. त्याबद्दल तो कधी बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.

"म्हणजे तिथं एक सेट पाहिजे," तो म्हणाला.

"पाहिजे. पण माणसाला काय सांगणार, इथेच उभा राहा म्हणून? त्यासाठीच तर नियम सुधारायचाय."

वहिनींनी मीठ मागितलं, आणि माझी खाण मोडली.

११ मार्च

पोचले. जवळजवळ सगळे पोचले. टोकाच्या तिघांचेसुद्धा.

मी थांबण्याची मुदत वाढवली होती, त्याचा हा परिणाम. इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही याची लाज वाटते, पण आज लाजेपेक्षा आनंद जास्त आहे. मोठे साहेब माझ्या टेबलापाशी चालत आले. ते सहसा कोणाच्या टेबलापाशी जात नाहीत, माणसाला बोलावून घेतात. बॅटरीबाई मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मुदत वाढवून एवढा फरक?" दुसऱ्याच्या यशात खोट काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

दादाला सांगितलं तर तो नुसता हसला. "झालं ना तुझं काम? मग झालं."

२५ मार्च

चाचण्या चालू आहेत, आणि सगळ्या चांगल्या जातायत. वहिनींची तक्रार अशी की दादाचे गुडघे धरतात. "दिवसभर चालणारा माणूस, आता गुडघे कसे धरतात? विचारलं तर म्हणतात, खांबाची नोकरी लागलीय." मी मलम आणून दिलं. पन्नाशी जवळ आली की असं होणारच, असंही म्हणालो. दादा म्हणाला, "ऐका, शहाण्या म्हणतोय."

२ एप्रिल

बॅटरीबाईने आज एक नवं काढलं. टोळीतला एकच सेट रोज साफ रिकामा होऊन वर येतो, बाकीचे अर्धे भरलेले असतात. मी नोंदी काढून पाहिल्या. खरंच, वळणाजवळचा एक सेट सगळ्यांची ओझी वाहतोय. टोकाचा प्रत्येक निरोप त्याच्यातून जातो. सगळ्यात कमी टप्प्यांची वाट तीच, आणि माझा नियम कमी टप्पे शोधतो. अशाने तो सेट ऐन वेळी मान टाकेल आणि त्याचा स्वतःचासुद्धा निरोप निघणार नाही. हे बरं नाही. एकावर इतका भार टाकणं हा नियमाचा दोष आहे.

"कोणाचा सेट आहे?" बाईने विचारलं.

नोंदीत फक्त क्रमांक असतात. म्हटलं, कोणाचा का असेना, त्याला मोकळं करायला हवं.

१० एप्रिल

जमलं. आणि या वेळी देवाशपथ सांगतो, हे सुंदर आहे.

पंपाच्या खोलीत जादा सेटचा एक रॅक आहे, ते तिथे चार्जिंगला टांगलेले असतात. ते हलत नाहीत, थकत नाहीत, त्यांची बॅटरी कायम भरलेली. पण पंपाकडून जाणारी वाट लांबची, टप्पे जास्त, म्हणून आजवर माझा नियम तिकडे ढुंकूनही बघत नव्हता. आता मी टप्पे मोजणं सोडलं. जो सेट सगळ्यात जास्त वेळ एका जागी आहे आणि ज्याच्यात सगळ्यात जास्त वीज शिल्लक आहे, तो आधी. खऱ्या नोंदींवर चालवून पाहिलं. टोकाचे सगळे निरोप पंपाकडून फिरून आले, एकही पडला नाही. वळणावर कोणी असो वा नसो.

त्या बिचाऱ्या सेटवरचा भार शून्य झाला.

१४ एप्रिल

नवा नियम आज सगळ्या सेटमध्ये गेला. खाणीच्या तोंडाशी लावायची सूचना मीच लिहिली: 'वाट निवडण्याच्या पद्धतीत सुधारणा केली आहे. वापरणाऱ्याला काहीही करावं लागणार नाही.'

जेवताना दादाने विचारलं, "नवीन काय केलंस म्हणे?"

"तुला कळायचं नाही, आणि कळायची गरजही नाही. तुम्हाला काहीच करायचं नाहीये, हेच तर त्यातलं मोठेपण आहे."

"मग वळणावर..." असं काहीतरी तो म्हणत होता, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी उठून गॅलरीत गेलो. बोलणं लांबलं. परत आलो तर दादा झोपायला गेला होता. त्याची पहिली पाळी होती.

१९ एप्रिल

खाणीत माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याला आग लागली आहे. दादा खाली आहे. मी आणि वहिनी तोंडापाशी आहोत. लिहायला बसलो कारण हातांना दुसरं काही सुचत नाही.

बरेचजण बाहेर आले. टोकाचे तिघेही आले, काळेठिक्कर, पण पायांनी चालत.

दादा अजून नाही.

२० एप्रिल

दादा गेला.

वळणावर सापडला. अंगावर जखम नाही. धूर.

३ मे

ड्रिलवाला आला होता. मोठा आडदांड माणूस, पण खुर्चीच्या कडेवर बसला, जणू खुर्ची दुसऱ्या कोणाची आहे. वहिनींनी पाणी दिलं ते त्याने हातातच धरून ठेवलं.

तो म्हणाला, "त्या दिवशी धूर आमच्याच बाजूला आला. आम्ही पट्ट्याच्या रस्त्याने निघणार होतो. तेवढ्यात वरून निरोप आला, तिकडून येऊ नका, पंपाकडून या. तो आला नसता तर आम्ही सरळ आगीत गेलो असतो."

मग वहिनींकडे बघून: "तो निरोप मुकादमांमुळे आला, वहिनी. प्रत्येक चाचणीला ते वळणावर उभे राहायचे. बसायचेसुद्धा नाहीत, म्हणायचे खाली बसलं की पकडत नाही. आम्ही हसायचो. म्हणायचे, हसा लेको, माझ्या भावाचं यंत्र आहे, मी हललो की तुमचं तुटतं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मिठाची बरणी टेबलावरच होती.

म्हणजे मार्चमधलं ते यश मुदत वाढवल्याचं नव्हतं. दादा उभा होता म्हणून सगळे निरोप पोचत होते, आणि मी साहेबांची शाबासकी घेत होतो. गुडघ्यांना मलम आणून देत होतो.

पण एक समाधान आहे, आणि ते मी घट्ट धरून ठेवणार आहे. तिघं त्याच्यामुळे जिवंत आहेत.

६ मे

कंट्रोल रूममधल्या बाई भेटल्या. त्या दिवशी त्याच कामावर होत्या. त्यांना कोणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं असं दिसलं.

"मी त्यांना तीन वेळा सांगितलं, बाहेर या. ते म्हणाले, टोकाचे आले का? मी म्हटलं, अजून नाही, पंपाकडून पाठवलंय. तर म्हणाले, ते पोचेपर्यंत मी इथंच आहे, मी हललो तर त्यांचं तुटेल. माझ्या पडद्यावर ठिपके दिसतात हो, निरोप कुठून येतोय ते नाही दिसत. आणि मला वाटलं, यांना माहीत असणार. यांच्या भावानेच तर बनवलंय." पुढचं मला माहीत होतं. तिघे बाहेर आल्यावर त्यांनी दादाला पुन्हा हाक दिली, आणि त्याने उत्तर दिलं नाही.

माझ्या मनात तेव्हाच काहीतरी खुपलं. मी ते पुढे जाऊ दिलं नाही. बाईंना म्हटलं, तुमची काही चूक नाही. ते खरंच होतं.

९ मे

खाणीने सगळे सेट तपासणीला पाठवले. बॅटरीबाई दुपारी माझ्या टेबलापाशी आली, हातात एक सेट. तिने तो माझ्यासमोर ठेवला.

"तुझ्या दादाचा सेट. हाच रोज रिकामा यायचा," ती म्हणाली.

"माहीत आहे आता."

"अरे, हा भरलेला आहे."

मी नोंदी उघडल्या. खरं तर उघडायची गरज नव्हती, मला खुर्चीत बसल्या जागीच कळलं होतं. तरी उघडल्या. आग लागल्यापासून त्या सेटमधून दुसऱ्या कोणाचाही निरोप गेलेला नाही. एकही नाही. त्याचे स्वतःचे तेवढे आहेत: 'आले का', 'मी आहे', 'मी आहे'. टोकाच्या तिघांना मिळालेला प्रत्येक शब्द पंपाच्या खोलीतून गेला, खिळ्यांवर टांगलेल्या सेटमधून. माझा नियम अगदी ठरल्याप्रमाणे चालला. मी त्याला मोकळं केलं होतं. फक्त त्याला सांगितलं नव्हतं.

दिवा असता तर तो लागला नसता. दादाने वर डोळे करून पाहिलं असतं आणि तो चालत बाहेर आला असता.

बॅटरीबाई म्हणाली, "घरी जा." मी म्हटलं, घरी कोण आहे? ते खरं नव्हतं. वहिनी आहेत. म्हणूनच जाववत नव्हतं.

१५ मे

पाच दिवस वहिनींसमोर जेवलो. त्या भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे बघून शेजारणींना सांगतात, तिघांना वाचवून गेले. सांगताना त्यांची पाठ ताठ होते. तेवढीच ताठ होते, एरवी त्या वाकून गेल्या आहेत.

गप्प बसावं असं ठरवलं होतं. पण आज त्यांनीच विचारलं. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून. "भावजी, ड्रिलवाला आला त्या दिवशी तुम्ही रडलात. गेल्या आठवड्यापासून तुम्ही रडत नाही. काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पंपाची खोली, रॅक, दिवा, मी लिहिलेली सूचना, साहेबांचा फोन. त्या नळ बंद करून ऐकत होत्या. मी एकदाच थांबलो, तर त्या म्हणाल्या, "पुढे."

सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे ते उगीच उभे होते."

मी हो म्हणालो.

"त्यांना माहीत नव्हतं उगीच आहे ते."

"नाही."

त्यांनी हात पुसले. मला वाटलं, आता मला जा म्हणतील, आणि तसं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला मी माफ केलं की नाही ते मला आज विचारू नका. पण त्या तिघांना हे सांगायचं नाही. त्यांना आयुष्य काढायचंय. आपल्यासाठी एक माणूस थांबला होता, एवढं त्यांच्याजवळ राहू दे."

"आणि तुमच्याजवळ?"

"माझ्याजवळ काय राहतं ते मी बघीन," त्या म्हणाल्या, आणि नळ पुन्हा सोडला.

२२ मे

निर्णय: हिरवा दिवा परत बसवायचा. मोठ्या साहेबांनी कारण विचारलं. मी सगळं लेखी दिलं, सूचनेच्या त्या ओळीसकट. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, कागद वर पाठवतो, पण हे खाणीत बोलू नका. मी म्हटलं, मला आधीच कोणीतरी तसं सांगितलंय.

बॅटरीबाईने दिव्याला लागणारी वीज दुसरीकडून वाचवून दिली. किती वाचवावी लागली विचारलं तर म्हणाली, "इवलीशीच."

४ जून

खाण उघडली. आज पहिल्यांदा मी स्वतः खाली उतरलो. इतकी वर्षं नियम लिहिले, आणि उतरलो कधीच नव्हतो. दादाने दोनदा बोलावलं होतं.

ड्रिलवाला सोबत होता. आमच्या दोघांच्या हेल्मेटवर नवे सेट, कडेला दिवा. तोंडापासून थोडं आत गेल्यावर माझा दिवा लागला, कोणाचं तरी काहीतरी माझ्यातून गेलं. ड्रिलवाल्याने बोट दाखवलं, "लागला बघा, साहेब." लहान मुलासारखा खूश झाला. पुढे त्याचा लागला, मग पुन्हा माझा.

वळण माझ्या कल्पनेपेक्षा फार अरुंद आहे. बसायला तिथे दगड आहे, चांगला सपाट. तो त्यावर बसायचा नाही.

मी जिथे दादा सापडला तिथे उभा राहिलो. ड्रिलवाला शेजारी येऊन उभा राहिला. त्याचे दोघे जोडीदार टोकाला होते आणि तोंडाशी बोलत होते. आमच्या सेटवर त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, काहीतरी पाण्याच्या नळीबद्दल. निरोप जात होते, येत होते.

माझा दिवा लागला नाही. त्याचाही नाही.

ड्रिलवाल्याने माझ्या दिव्याकडे पाहिलं. मग हेल्मेट काढून स्वतःचा पाहिला. मग तो पंपाच्या खोलीकडे जाणाऱ्या बोगद्याकडे बघत राहिला. टोकाचं बोलणं चालूच होतं. या माणसाला खाण माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि मी तिथे काही बोललो असतो तर वहिनींचा शब्द मोडला असता.

त्याने हेल्मेट पुन्हा डोक्यावर घातलं, पट्टा नीट बसवला.

"नवा आहे ना," तो म्हणाला. "बिघडला असेल."

"असेल," मी म्हटलं.

त्याचा आवाज नीट नव्हता. माझाही नसणार. वर जायची वेळ होऊन गेली होती, तोंडावरून दोनदा हाकही आली. आम्ही तिथेच उभे होतो. दोघांपैकी कोणी आधी हलेना.